समन्स परत पाठवू नका: तीस हजारांच्या दाव्याला उत्तर कसं द्यायचं



उधारी वसूल कशी करायची यावर आपण चॅनलवर पुष्कळ बोललो आहोत. आज बाजू उलटी आहे. पैसे तुमच्याकडून येणं आहेत, हप्ते थकलेत आणि एक दिवस कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहतो. रक्कम काही फार मोठी नाही. मोबाईलचे सहा-सात हप्ते, फ्रिजचं राहिलेलं कर्ज, क्रेडिट कार्डाचे वीस-पंचवीस हजार. एवढ्याशा रकमेसाठी कोर्ट? हो, एवढ्याशा रकमेसाठीही दावा दाखल होतो.

भिवंडीत हप्ता कुणाच्या मागे नाही? लूम चालू आहेत, कापड उठतंय, तोवर सगळं सुरळीत. सुताचा भाव चढला, ग्रे कापडाला गिऱ्हाईक नाही, कारखानदाराने आठवड्यातले दोन दिवस लूम बंद ठेवले, की त्याचा धक्का कामगारापासून नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत आणि घरी शिलाई मशीनवर जॉबवर्क करणाऱ्या ताईंपर्यंत पोचतो. पार्टी पेमेंट पुढच्या महिन्यावर ढकलते. बँक मात्र ठरल्या तारखेला हप्ता कापायला येतेच. खात्यात पैसे नसले की आधी बाउन्स चार्ज, मग फोन, मग घरी माणूस, मग वकिलाची नोटीस. आणि काही प्रकरणांत शेवटी समन्स.

समन्स आलं की बरेच जण काय करतात? पाकीट घेतच नाहीत. ‘साहेब घरी नाहीत’ म्हणून सांगतात. वाटतं, कागद घेतला नाही म्हणजे केस झाली नाही. कायद्यात हे बरोबर उलटं आहे. रजिस्टर पोस्टाचं पाकीट नाकारलं तर कोर्ट ते मिळालं असंच धरू शकतं. बेलीफ समन्सची प्रत दारावर चिकटवून जाऊ शकतो, घरातल्या सज्ञान माणसाकडे देऊ शकतो. तुम्ही मुद्दाम टाळताय असं दिसलं तर वर्तमानपत्रात जाहीर समन्सही निघतं. म्हणजे केस थांबत नाही. फक्त ती तुमच्याशिवाय चालते.

आणि तुमच्याशिवाय चाललेली केस जवळजवळ नेहमी तुमच्या विरोधात जाते. असा दावा युक्तिवादात हरण्याआधीच गैरहजेरीने हरलेला असतो. समोरच्याने लिहिलेला आकडा, त्याने लावलेला दंड, त्याने धरलेलं व्याज, सगळं तसंच्या तसं हुकूमनाम्यात उतरण्याची भीती असते, कारण ‘हे चूक आहे’ म्हणणारा कुणी समोर नसतो.

धंदा करणाऱ्याला हे जास्त का लागतं

नोकरदाराचं आणि तुमचं इथे एक मोठं अंतर आहे. तुमचा धंदा प्रोप्रायटरशिप असेल, आणि सुरुवातीला बहुतेकांचा तोच असतो, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचं दुकान वेगळे नाही. ‘अमुक गारमेंट्स’ नावाचं करंट खातं तुमचंच खातं आहे. तीन वर्षांपूर्वी बायकोसाठी घेतलेल्या मोबाईलचं कर्ज धंद्याचं नाही, हे खरं. पण त्या कर्जाचा हुकूमनामा झाला तर जप्ती त्या करंट खात्यावरही येऊ शकते. ज्या दिवशी सूत आणायला पैसे लागणार, त्याच दिवशी बँक सांगते, खातं अटॅच आहे.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. तुमचं ज्या पार्टीकडे येणं आहे, त्या पार्टीला कोर्ट आदेश देऊ शकतं की याचे पैसे याला देऊ नका, कोर्टात भरा. पूर्णा किंवा माणकोलीच्या गोदामातल्या ज्या व्यापाऱ्याकडे तुम्ही सहा महिने फेऱ्या मारून काम मिळवलंत, त्याच्या टेबलावर तुमच्या नावाचा कोर्टाचा कागद. तीस हजारांची बाकी आणि बाजारातली पत, याचा हिशोब तुम्हीच करा.

हुकूमनामा एकदा झाला की त्याची अंमलबजावणी मागायला समोरच्याला १२ वर्षं मिळतात. आज धंदा लहान आहे म्हणून काही हाती लागणार नाही, असं म्हणून सोडून दिलंत, तर आठव्या वर्षी तुमची मशीनं वाढलेली असतील तेव्हा दरखास्त येईल. व्याजासह.

आधी कागद ओळखा

घाबरायच्या आधी कागद वाचा. कारण कोर्टाचा वाटणारा प्रत्येक कागद कोर्टाचा नसतो.

वकिलाची नोटीस म्हणजे केस नव्हे. ती समोरच्याची मागणी आहे. लोकअदालतीची नोटीस येते, तिच्यावर विधी सेवा प्राधिकरणाचं नाव असतं, त्यामुळे घरचे घाबरतात. पुष्कळदा तो दावा दाखल होण्याआधीचा तडजोडीचा प्रस्ताव असतो. तिथे तुमच्या संमतीशिवाय निवाडा होत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी, अशोकस्तंभ छापलेली, ‘आज पाच वाजेपर्यंत भरा नाहीतर अटक’ असं सांगणारी पीडीएफ. ही बहुतेक वेळा निव्वळ धमकी असते. खरी केस असेल तर तिला केस नंबर असतो आणि १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर तो टाकून बघा. नंबर नसेल तर जिल्हा निवडून स्वतःच्या नावाने शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. साधा दिवाणी दावा आणि पोलीस यांचा संबंध नसतो, हेही वसुलीवाल्याला ठणकावून सांगा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय.

आता खरे कागद. दिवाणी कोर्टाचं साधं समन्स असेल तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. आपल्याकडे त्याला कैफियत म्हणतात. कारण पटलं तर कोर्ट मुदत वाढवतं, पण साधारण ९० दिवसांपर्यंतच. दुसरा प्रकार समरी दाव्याचा. लेखी करारावर किंवा प्रॉमिसरी नोटवर असा दावा लावता येतो. इथे घड्याळ फार जोरात पळतं. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवायची. त्यानंतर वादी निकालासाठीचं समन्स पाठवतो, ते मिळाल्यापासून पुन्हा १० दिवसांत ‘मला बचाव करायची परवानगी द्या’ असा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यायचा. पहिले १० दिवस हुकले तर दाव्यातलं सगळं तुम्ही कबूल केलंत असं धरून हुकूमनामा होतो. म्हणून समन्सवर ‘ऑर्डर ३७’ किंवा ‘समरी’ हे शब्द आहेत का, ते सगळ्यात आधी शोधा.

तिसरा कागद फौजदारी कोर्टाचा: चेक बाउन्स, म्हणजे कलम १३८. ऑटो डेबिट परत गेलं तरी तशीच तरतूद आहे, २००७ च्या पेमेंट सिस्टीम कायद्यात. यात नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर गुन्हाच पूर्ण होत नाही. ते १५ दिवस सोन्याचे आहेत. पुढे केस झाली आणि तारखेला गेला नाहीत तर वॉरंट निघू शकतं. शिक्षेची तरतूद दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सहीचा कोरा चेक दिला होता, आकडा त्यांनी भरला, एवढं म्हणून सुटका होत नाही. सही तुमची असेल तर देणं होतं असं कोर्ट आधी गृहीत धरतं आणि ते खोडायचं काम तुमच्यावर येतं.

चौथा कागद लवादाचा. फायनान्स कंपन्यांच्या करारात बारीक अक्षरात लवादाचं कलम असतं. मग चेन्नईच्या नाहीतर दिल्लीच्या कुणा लवादाचं पत्र येतं. लोक ते रद्दीत टाकतात. पण लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो आणि त्याला आव्हान द्यायला तीनच महिने मिळतात, फार तर वर ३० दिवस. कंपनीने एकटीने, तुमच्या संमतीशिवाय लवाद नेमला असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. अशा एकतर्फी नेमणुकांबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये स्पष्ट नापसंती दाखवली आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचं हेच दुखणं

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. दंगलीत सगळ्यात आधी काय जाळलं? धान्य नाही. कर्जाची खतं आणि कोर्टाचे हुकूमनामे. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शाळेत आपण हे एका ओळीत शिकलो. पण इंग्रज सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगासमोर जी कारणं आली, त्यातलं एक आपल्या विषयाचं आहे. सावकार दावा लावायचा, कुळाला समन्स कळायचं नाही किंवा कळलं तरी तो तालुक्याच्या कोर्टात जायचा नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. हिशोब खरा की खोटा, हे कुणी तपासायचंच नाही.

दुसरं कारण तर आजच्या फायनान्स एजंटलाही पाठ आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर तीन वर्षांतच दावा लावता येई. कुळाला संरक्षण म्हणून केलेला नियम. सावकाराने त्याला काट शोधली: तीन वर्षं संपत आली की नवं खत लिहून घ्यायचं, थकलेलं व्याज मुद्दलात घालून. कर्ज पुन्हा कोवळं.

या सगळ्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यात न्यायाधीशावरच जबाबदारी टाकली होती: प्रतिवादीला बोलवा, व्यवहार पहिल्यापासून तपासा, खतावर काय लिहिलंय तेवढ्यावर थांबू नका. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

आजच्या दिवाणी कोर्टात अशी सोय नाही. भिवंडीचं कोर्ट देशभर माहीत झालं ते राहुल गांधींवरच्या बदनामीच्या खटल्यामुळे. पण तिथे जे साधे पैशाचे दावे चालतात त्यात न्यायाधीश तुमचा हिशोब स्वतःहून खोदून काढत बसणार नाहीत. तुम्ही सांगायचं, तुम्ही कागद दाखवायचा.

आता हिशोब

एक कल्पित उदाहरण घेऊ. कामतघरच्या एका ताईंनी ३६,००० चा फोन हप्त्यावर घेतला. १८ हप्ते, प्रत्येकी २,४००, म्हणजे एकूण ४३,२००. ११ हप्ते खात्यातून गेले. बारावा त्यांनी घरी आलेल्या माणसाला रोख दिला, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रिसीव्ड’ लिहिलं. मग जॉबवर्क बंद पडलं.

दाव्यात मागणी आली ३१,४५० ची. ताईंना धक्का बसला. फोडून बघितल्यावर कळलं: सात हप्ते १६,८००, बाउन्स चार्ज सात वेळा ५९० प्रमाणे ४,१३०, दंड ६,५२०, वसुली आणि कायदेशीर खर्च ४,०००.

बघा, वादाची जागा कुठे कुठे आहे. हप्ते सहाच राहिलेत, सात नाहीत. रोखीचा हप्ता जमाच केलेला नाही. म्हणजे २,४०० तिथेच कमी, आणि त्या हप्त्याचा ५९० चा चार्जही गैर. दंड कसा लावला? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम केला की थकबाकीवर दंडात्मक व्याज चढवायचं नाही, वाजवी दंड आकार लावा आणि त्या आकारावर पुन्हा व्याज लावू नका. तो २०२४ पासून अमलात आहे. ६,५२० मध्ये दंडावर दंड चढलाय का, ते खात्याचा उतारा मागितला की दिसेल. आणि ४,००० चा वसुली खर्च करारात कुठे लिहिलाय? नसेल लिहिला तर तो का द्यायचा?

ताईंचं देणं नाही असं कुणी म्हणत नाही. सहा हप्त्यांचे १४,४०० नक्की आहेत. पण १४,४०० आणि थोडा रास्त आकार वेगळा, आणि ३१,४५० वेगळे. हा फरक कोर्टात न जाता कधीच दिसला नसता.

म्हणून समन्स आलं की पहिल्या संध्याकाळी एक काम करा. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा, पाकीट टाकू नका. समन्सबरोबर दाव्याची प्रत असायलाच हवी. नसेल तर कोर्टातून घ्या. मग कराराची प्रत, बँकेचं स्टेटमेंट, पावत्या, मेसेजचे स्क्रीनशॉट एका फाईलला लावा. कर्ज मुळात दुसऱ्या कंपनीचं होतं आणि दावा तिसऱ्याच कंपनीने लावलाय का, बघा. कर्ज विकता येतं, त्यात गैर काही नाही, पण ते आपल्याकडे आलं हे त्यांना कागदाने दाखवावं लागतं.

कैफियत लिहिताना

मी व्यवसाय शिकवतो, वकिली करत नाही. कैफियत वकिलाकडूनच करून घ्या. पण वकिलाला काय सांगायचं आणि त्याने काय लिहिलंय हे तपासायचं कसं, एवढं कळलंच पाहिजे.

‘दाव्यातला सर्व मजकूर खोटा आहे’ असं एका वाक्यात उडवून चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे प्रत्येक परिच्छेदाला नेमकं उत्तर द्यावं लागतं. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. परिच्छेद ३ मध्ये कर्ज घेतल्याचं लिहिलंय, ते खरं आहे, तर खरं म्हणा. परिच्छेद ५ मध्ये ११ हप्ते भरले म्हटलंय, ते खोटं. १२ भरले, बारावा अमुक तारखेला रोख दिला, पुरावा सोबत. कोर्टाला खरं बोलणारा प्रतिवादी लगेच ओळखू येतो, असा माझा तरी अंदाज आहे, आणि हिशोबात खोट काढायची असेल तर आपला हिशोब आधी स्वच्छ हवा.

मुदतीचा मुद्दा वकिलाला नक्की विचारा. उसने पैसे, विकलेला माल यांच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. ती उलटून गेली असेल तर दावा फेटाळला जातो. तुम्ही मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने तो बघायचा असतो. पण इथेच तो सुप्याचा सावकार पुन्हा भेटतो. मुदत संपण्याआधी तुम्ही सही करून ‘देणं आहे’ असं लेखी कबूल केलं, किंवा थोडेसे पैसे भरून त्याची लेखी नोंद झाली, तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. ‘फक्त पाचशे रुपये भरा आणि इथे सही करा, फोन बंद होतील’ असं एजंट गोड बोलतो तेव्हा तो काय मागतोय ते समजून घ्या.

कर्ज कंपनीचं नसून नाक्यावरच्या खासगी सावकाराचं असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा. त्याच्याकडे परवाना होता का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ प्रमाणे, पैसे दिले त्या वेळी वैध परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्टाने हुकूमनामा द्यायचा नाही. परवान्याची चौकशी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. मात्र बँका आणि नोंदणीकृत फायनान्स कंपन्यांना हा कायदा लागू नाही, आणि मित्राने एकदा हातउसने दिले म्हणून तो सावकार ठरत नाही. उगाच मित्रावर ही तलवार काढू नका.

जामीनदारांसाठी एक वाक्य. शेजारच्या लूमवाल्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला असाल तर कंपनी त्याला सोडून थेट तुमच्यावरही दावा लावू शकते, त्यामुळे समन्स तुमच्या नावाचं असेल तर उत्तरही तुमचंच स्वतंत्र हवं.

आणि रक्कम छोटी आहे म्हणून ‘हरलो तर वर जाऊ’ असं ठरवू नका. २५,००० पर्यंतच्या पैशाच्या दाव्यात दुसरं अपील चालत नाही. जे सांगायचं ते पहिल्याच कोर्टात.

पत्ता बदललाय का?

भिवंडीत अर्धी वस्ती भाड्याने राहते. अकरा महिन्यांचा करार संपला की शांतीनगरहून पद्मानगर, तिथून अंजूरफाटा. समन्स मात्र कर्जाच्या फॉर्मवरच्या जुन्या पत्त्यावर जातं. नंतर कधीतरी कळतं की एकतर्फी हुकूमनामा झालाय. तरी हात टेकू नका. हुकूमनामा झाल्यापासून ३० दिवसांत, आणि समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर कळल्यापासून ३० दिवसांत, तो रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. समन्स मिळालं नाही किंवा गैरहजर राहण्याला सबळ कारण होतं, हे दाखवावं लागतं. भाडेकरार, लाईट बिल, आधारवरचा बदललेला पत्ता, हे कागद तेव्हा कामाला येतात. त्यापेक्षा घर बदललं की बँकेला पत्ता कळवणं स्वस्त.

देणं खरंच आहे, पण पैसे नाहीत

ही परिस्थिती सगळ्यात जास्त जणांची असते, आणि नेमके हेच लोक तोंड लपवतात. कोर्टात जाऊन ‘देणं आहे, एवढं आहे, महिन्याला इतकं देऊ शकतो’ म्हणणं म्हणजे हार नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात हप्ते बांधून देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. तुमच्या धंद्याचा हंगाम ठाऊक ठेवून हप्ता सांगा. दिवाळीआधी काम जोरात असतं म्हणून वर्षभर तेवढा हप्ता झेपेल असं नाही.

तडजोड करायची तर राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा भरते. चालू दावा तिथे मिटला तर वादीला कोर्ट फी परत मिळते, म्हणून तोही सवलत द्यायला जरा तयार असतो. पण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. झेपणार नाही असा आकडा घाईत कबूल करू नका.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.

आणि जप्तीची भीती. घरातली भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांच्यावर जप्ती येत नाही, असं संहितेचं कलम ६० सांगतं. एखाद्या शिंप्याचं मशीन या हत्यारांत बसतं असं सांगता येईल. पण चार लूमचा कारखाना ‘हत्यार’ म्हणून सुटेल, या भरवशावर राहू नका. तुरुंगाचं म्हणाल, तर ऐपत नाही एवढ्याच कारणाने कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलंय. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचा तो निकाल. ऐपत असून पैसे दडवणाऱ्याला मात्र त्याचा आधार नाही. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही.

पैसे भरल्यावर

हुकूमनामा झाल्यानंतर एजंटच्या हातात रोख दिलेत आणि कोर्टात नोंद केली नाहीत, तर वसुलीच्या दरखास्तीत कोर्ट ते पैसे धरत नाही. हे फार जणांना माहीत नसतं. बाहेर पैसे दिले तर वादीने ते कोर्टाला कळवायचे असतात. तो कळवत नसेल तर तुम्ही ३० दिवसांत अर्ज करून नोंद करून घ्यायची. शक्यतो थेट कोर्टात भरा किंवा बँकेतून ट्रान्सफर करा.

मग कंपनीकडून ना-देय प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर शब्द कोणता लिहितायत ते वाचा. रक्कम कमी करून मिटवलंत तर क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ येतं, पूर्ण भरलंत तर ‘क्लोज्ड’. उद्या मुद्रा कर्जासाठी बँकेत जाल तेव्हा मॅनेजर हाच शब्द बघेल, आणि ‘सेटल्ड’ दिसलं की भुवया उंचावेल. दोन-तीन हजारांचा फरक असेल तर पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करून घेणं मला शहाणपणाचं वाटतं. फरक पंधरा हजारांचा असेल आणि धंद्यात भांडवल नसेल तर ‘सेटल्ड’ घेऊन पुढे चला.

प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पैसे भरून दोन महिने झाले तरी थकबाकी दिसत असेल तर लेखी तक्रार करा आणि तक्रारीची तारीख जपून ठेवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देईल, अशी अपेक्षा ठेवू नका.